सुतळीचा पीळ

आमच्या तात्यांना डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात ते कुबडी घेऊन शेतात जात, बांधावर बसून गडीमाणसांवर नजर ठेवत आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले की, कुणी विचारो न विचारो, पायाची गोष्ट सांगत. गोष्ट १९७३ च्या पावसाळ्यातली. बाहत्तरच्या दुष्काळानंतर पाऊस बरा झाला होता, शेतात गवत माजलं होतं. निंदणी चालू असताना तात्यांच्या पावलाला साप चावला. गड्याने पोत्याची सुतळी काढली, पोटरीच्या वर दोन वेढे दिले, गाठ मारली आणि गाठीत काडी घालून ती पिळली. सुतळी मांसात रुतेपर्यंत पिळली. मग मारुतीच्या पारावर रात्रभर उतारा चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडी, मग एसटी असं करत त्यांना औरंगाबादला नेलं. तेव्हा जालना हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. औरंगाबादला पोचेपर्यंत पाऊल काळं पडलं होतं. पाय कापावा लागला.

गोष्टीचा शेवट तात्या नेहमी एकाच वाक्याने करत. "पाय गेला, पर सुतळीनं जीव वाचवला, बापू."

पुढे मी लॅब टेक्निशियन झालो. सरकारी दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत तीस वर्षं रक्त काढलं आणि तपासलं. म्हणजे माझाही धंदा बांधण्या-सोडण्याचाच. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर फुगली की सुई घालायची, रक्त यायला लागलं की आधी पट्टा सोडायचा आणि मग सुई काढायची. हा क्रम चुकला तर कातडीखाली रक्त साचून दंड काळानिळा होतो. आम्हाला शिकवताना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पट्टा एक मिनिटाच्या वर ठेवायचा नाही, नमुना बिघडतो. का बिघडतो हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पट्टा बांधला की रक्त थांबतं एवढं मला माहीत होतं. थांबलेलं रक्त तिथे स्वस्थ बसत नाही, हे कळायला बरीच वर्षं गेली. तात्यांच्या सुतळीकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागलो ते त्यानंतर.

असईचा स्क्रू

आमच्या गावापासून असई फार लांब नाही. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. लढाईचं वर्णन आपण शाळेत वाचलेलं असतं. मला मात्र त्यातल्या एका आकड्यात रस आहे. इंग्रजांच्या बाजूचे ४२८ ठार, १८ बेपत्ता आणि १,१३८ जखमी. शिंद्यांच्या बाजूच्या जखमींचे फक्त अंदाज आहेत. या जखमींतले बरेच तोफेच्या माऱ्याने घायाळ झालेले होते. शिंद्यांच्या तोफा उत्तम होत्या आणि गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. तोफेचा गोळा किंवा छर्रे हातापायाला लागले की त्या काळी एकच उपाय असे, तो अवयव कापणं. जखमींसाठी नंतर अजिंठ्याला रुग्णालय थाटण्यात आलं.

त्या काळच्या युरोपीय शल्यवैद्याच्या पेटीत करवत आणि सुऱ्यांबरोबर पितळेचं एक यंत्र असे. जाँ-लुई पती या पॅरिसच्या शल्यवैद्याने १७१८ मध्ये ते बनवलं. एक पट्टा, त्यावर दोन पत्रे आणि मधे एक स्क्रू. स्क्रू फिरवला की पट्टा आवळतो, उलटा फिरवला की सैल होतो. त्याला त्याने 'टूर्निके' म्हटलं. फ्रेंचमध्ये फिरवण्याला जो शब्द आहे त्यावरून. त्याच्या आधी, १६७४ मध्ये, बेझांसाँच्या वेढ्यात मोरेल नावाच्या फ्रेंच लष्करी शल्यवैद्याने दोरीत काठी घालून ती पिळण्याची युक्ती वापरली होती. म्हणजे आमच्या गड्याने १९७३ मध्ये जे केलं तेच.

पतीच्या स्क्रूचं वैशिष्ट्य आवळण्यात नव्हतं, ते काठीनेही होतं. वैशिष्ट्य सैल करण्यात होतं. पाय कापून झाला, मोठ्या धमन्या दोऱ्याने बांधून झाल्या की शल्यवैद्य स्क्रू थोडा उलटा फिरवी. जिथून रक्त उसळेल ती वाहिनी पकडून बांधी, पुन्हा आवळी, पुन्हा सोडी. काठीची गाठ एकदा सुटली की सुटली. स्क्रू मात्र हवा तेवढाच सोडता येई. या सोडण्यात एक गोष्ट दिसत असे, ती अशी की मोठ्या वाहिन्या बांधल्यानंतरही जखमेच्या सगळ्या पृष्ठभागातून रक्त पाझरत राहतं. ते दिसत होतं, पण त्याचं कारण सांगता येत नव्हतं.

चार बोटं वर

बांधण्याची कल्पना अर्थात युरोपातून आलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात हातापायाला सर्पदंश झाला तर दंशाच्या चार बोटं वर कापड, कातडं किंवा झाडाची अंतर्साल बांधावी, असं सांगितलं आहे. त्या बंधाला 'अरिष्टा' म्हणतात. पुढे दंशाची जागा कापणं, चोखणं, डागणं असे उपाय येतात. आमच्या गड्याने सुश्रुताचं नावही ऐकलं नसेल. पण "चार बोटं वर बांधा" हे त्याला त्याच्या आज्याने सांगितलेलं होतं.

ही दोन बंधनं दिसायला सारखी असली तरी त्यांचं काम निराळं आहे. शल्यवैद्य बांधतो ते शरीरातलं रक्त बाहेर पडू नये म्हणून. साप चावल्यावर बांधतात ते पायातलं विष वर चढू नये म्हणून. पहिल्याने काम झाल्यावर सोडायचं हे ठरवूनच बांधलेलं असतं. दुसऱ्याने सोडण्याचा विचार केलेला नसतो. विष उतरल्याशिवाय गाठ सोडायची नाही, आणि विष उतरलं की नाही हे सांगणार कोण? तात्यांची सुतळी म्हणूनच पारावर रात्रभर तशीच राहिली.

कोरडी जागा

एकोणिसाव्या शतकात भूल आली, जंतुनाशनाचं भान आलं आणि शस्त्रक्रिया सावकाश करता येऊ लागली. मग टूर्निकेकडून अपेक्षा वाढली. पाय कापताना जीव वाचवणं एवढ्यावर भागेना. हाडावर, सांध्यावर काम करायचं तर जागा कोरडी हवी. जोसेफ लिस्टरने १८६४ च्या सुमारास हात आधी उंच धरून रक्त ओसरू दिलं आणि मग टूर्निके लावला. १८७३ मध्ये कील इथल्या योहान फ्रीडरिश फॉन एस्मार्कने रबरी पट्टी बोटांपासून वरपर्यंत गुंडाळून सगळं रक्त वर ढकलण्याची रीत सांगितली. आजही ऑपरेशन थिएटरमध्ये त्या पट्टीला 'एस्मार्क'च म्हणतात. तो माणूस होता हे तिथल्या पोरांना माहीत नसतं.

रबराचा दाब मोजता येत नसे. जास्त आवळलं की नसा चेपत, हात लुळा पडे. १९०४ मध्ये अमेरिकन शल्यवैद्य हार्वी कुशिंगने हवेचा पट्टा वापरला. इटलीत रिवा-रोचीचं रक्तदाब मोजण्याचं यंत्र त्याने पाहिलं होतं, त्यातून त्याला हे सुचलं. आज गुडघ्याच्या ऑपरेशनला मांडीवर जो पट्टा फुगवतात तो याच घराण्यातला. दाब पाऱ्याच्या साधारण २५० ते ३०० मिलिमीटरचा असतो, पट्टा फुगवल्याची वेळ फळ्यावर लिहितात आणि दोन तासांच्या पुढे जायचं नाही असा संकेत पाळतात.

दाब मोजता आला, वेळ मोजता आली. तरी पट्टा सोडल्यावर जखम पाझरते, हा असईच्या काळचा प्रश्न तसाच होता.

गोठणं आणि विरघळणं

रक्त गोठतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठलेलं रक्त पुन्हा विरघळतं याकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिलं होतं. इंग्रज शल्यवैद्य जॉन हंटरचं रक्त आणि बंदुकीच्या जखमा यांवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७९४ मध्ये, म्हणजे असईच्या नऊ वर्षं आधी आलं. शिकारीत पळून पळून मेलेल्या हरणांचं किंवा वीज पडून मेलेल्यांचं रक्त गोठत नाही, असं त्याने नोंदवलं होतं. १८९३ मध्ये आल्बेर दास्त्र या फ्रेंच शास्त्रज्ञाने या विरघळण्याला 'फायब्रिनोलिसिस' असं नाव दिलं.

गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेल्या रक्तपेशी. जखम झाली की हे जाळं विणलं जातं. पण ते कायम राहून चालत नाही, नाहीतर रक्तवाहिनी बुजेल. म्हणून जाळं उसवणारी व्यवस्थाही रक्तातच असते. प्लाझ्मिनोजेन नावाचं प्रथिन रक्तात सतत फिरत असतं, पण ते निजलेलं असतं. त्याला जागं करणारा पदार्थ रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात साठवलेला असतो. त्याला टीपीए म्हणतात. टीपीए सुटला की प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन होतं आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे तोडतं. एरवी टीपीए रक्तात आला तरी यकृत त्याला काही मिनिटांत काढून टाकतं, शिवाय त्याला अडवणारा आणखी एक पदार्थ रक्तात असतोच. त्यामुळे विणणं आणि उसवणं यांचा तोल राहतो.

आता पट्टा बांधा. रक्त जागच्या जागी थांबतं. प्राणवायू संपत जातो, आम्लता वाढते, शिरा ताणल्या जातात. अस्तराला हे कळतं आणि ते टीपीए सोडू लागतं. वाहतं रक्त नसल्यामुळे तो यकृताकडे जात नाही, त्या अवयवातच साचतो. १९५६ मध्ये हाँगकाँगच्या क्वान आणि मॅकफॅजियन यांनी दाखवून दिलं, की अवयवाचा रक्तपुरवठा काही काळ रोखला तर तिथल्या रक्ताची गुठळी विरघळवण्याची ताकद वाढते. पुढे याचीच तपासणी झाली. दंडावरचा पट्टा वरच्या आणि खालच्या रक्तदाबाच्या मधोमध फुगवून दहा-वीस मिनिटं ठेवायचा आणि मग रक्त काढून पाहायचं. धमनीतून रक्त आत येत राहतं, शिरेतून बाहेर जात नाही. आम्हाला मिनिटभराच्या वर पट्टा ठेवू नका म्हणत त्यामागचं एक कारण मला इथे सापडलं. जास्त वेळ बांधलेल्या हातातून मी काढलेलं रक्त हे त्या माणसाचं एरवीचं रक्त नसतं.

याच मार्गाने आणखी एक गोष्ट कळली. स्वीडिश संशोधकांनी १९६७ मध्ये हाताच्या आणि पायाच्या शिरांची तुलना केली, तेव्हा पायाच्या शिरांत ही उसवणारी ताकद कमी भरली. पायातच गुठळ्या जास्त का होतात, याचं निदान एक उत्तर त्यात आहे.

मग १९७७ मध्ये लेस्ली क्लेनरमन या ब्रिटिश अस्थिशल्यवैद्याने सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, ते थेट ऑपरेशनच्या टेबलावरचं होतं. टूर्निके सोडल्यावर रुग्णाच्या रक्तातली गुठळी विरघळवण्याची ताकद वाढते. पंधरा मिनिटांच्या सुमारास ती सगळ्यात जास्त असते आणि अर्ध्या तासात पूर्ववत होते. पट्टा सोडल्यावर जखम का पाझरते, याचं कारण असं हाती आलं. दबलेल्या वाहिन्या एकदम रक्ताने भरतात हे एक कारण आहेच. पण त्याच वेळी नुकतं विणलेलं जाळं आतून उसवलं जात असतं. गंमत अशी की ऑपरेशननंतरच्या तासांत आणि दिवसांत हेच उलटं होतं. उसवणाऱ्याला अडवणारा पदार्थ वाढतो, विरघळणं मंदावतं आणि पायात गुठळी धरण्याची भीती सुरू होते. म्हणजे एकाच रुग्णाला आधी रक्तस्राव सांभाळायचा आणि नंतर गुठळी सांभाळायची.

काचेची नळी

सर्पदंशाच्या रुग्णाचं रक्त तपासायची वेळ माझ्यावर अनेकदा आली. त्याला मोठं यंत्र लागत नाही. कोरडी, स्वच्छ, नवी काचेची नळी घ्यायची. दोन मिलिलिटर ताजं रक्त त्यात घालायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. गुठळी झाली तर ठीक. रक्त पातळच राहिलं तर ते गोठत नाही, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा घोणस किंवा फुरसं. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही. ती वीस मिनिटं फार लांब असतात. बाहेर नातेवाईक उभे असतात आणि आपण घड्याळाकडे पाहत असतो.

घोणसाचं विष गोठण्याची साखळी ठिकठिकाणी एकदम चालू करून देतं. शरीरभर बारीक बारीक जाळी विणली जातात आणि विरघळतात, आणि शेवटी विणायला सूतच उरत नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचल्या जागेतून रक्त येत राहतं. अशा माणसाच्या पायाला सुतळी आवळलेली असेल तर काय होईल याचा विचार करा. विष एका जागी कोंडतं, तिथलं मांस सडवतं. रक्त अडून पाय सुजतो आणि सुजेने सुतळी आणखी रुतते. आणि गाठ एकदम कापली की कोंडलेलं विष, आम्ल रक्त, साचलेला टीपीए असं सगळं एकदम हृदयाकडे धावतं. गाठ सोडताच रुग्ण कोसळला, असं सांगणारे डॉक्टर मी पाहिले आहेत.

म्हणून सर्पदंशाच्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत दोरी बांधू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. बांधूनच आणलं असेल तर घाईने कापू नका. आधी सलाईन लावा, प्रतिविष तयार ठेवा, मग सोडा. नाडी बंद होईल इतकी घट्ट दोरी असेल तर तिच्याऐवजी रक्तदाबाचा पट्टा लावून दाब हळूहळू उतरवा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी थांबलो. पतीचा स्क्रू आणि कुशिंगचा हवेचा पट्टा ज्या कामासाठी होते, म्हणजे हवं तेवढंच सोडण्यासाठी, तेच काम इथे सुतळीची चूक निस्तरायला आलं होतं.

आमच्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात बिरवाडी-महाडला गेले आणि विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार त्यांनी जगापुढे मांडला. सर्पदंशाचे रुग्णही त्यांनी आयुष्यभर पाहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. खाटेशेजारी बसून काय होतंय ते नीट पाहणं, लिहून ठेवणं आणि त्यावरून उपचार बदलणं, हे त्यांनी केलं. चार बोटं वर बांधण्याच्या बाबतीत हे शतकानुशतकं झालं नव्हतं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या कितीजणांचे तास पारावर गेले, हे त्या आकड्यातून कळत नाही.

अक्काचा गुडघा

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचा गुडघा जालन्यात बदलला. डॉक्टर माझे ओळखीचे. ऑपरेशनच्या आधी मी विचारलं, टूर्निके किती वेळ? ते हसले. म्हणाले, "काका, हल्ली मी तो पूर्णवेळ ठेवतच नाही. सिमेंट लावण्यापुरता." नंतर मी वाचलं की २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेने ४१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. गुडघा बदलताना टूर्निके वापरला तर ऑपरेशननंतर दुखणं जास्त असतं आणि गंभीर गुंतागुंतही बहुधा जास्त होते, असं त्यात दिसलं.

पाझरण्यावर मग उपाय काय? अक्काला सलाईनमधून ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड दिलं. उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने ते शोधलं आणि १९६२ मध्ये जाहीर केलं. ज्या खाचेत धरून प्लाझ्मिनोजेन फायब्रिनला चिकटतं, त्या खाचेतच हा रेणू जाऊन बसतो. उसवणारा हात धाग्यापर्यंत पोचत नाही. उताकोंना बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या बायकांसाठी औषध हवं होतं. त्यासाठीची वीस हजारांवर स्त्रियांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. अपघातातल्या जखमींवरची २०१० ची चाचणीही वीस हजारांवर रुग्णांची होती. तिच्यातून कळलं की हे औषध तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचवतं, उशिरा दिलं तर अपायही करू शकतं. बांधण्या-सोडण्यासारखंच इथेही वेळेचं गणित आहे.

अक्का दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालली. मला तात्यांची कुबडी आठवली.

राहिलेलं

तात्यांना चावलेला साप गड्याने काठीने मारला होता. वडील म्हणत, पिवळसर होता, चांगला लांब होता, अंगावर चट्टे नव्हते. प्रयोगशाळेत काम करायला लागल्यावर मी सापांची चित्रं पाहिली, पुस्तकं वाचली. असं वर्णन धामणीला लागू पडतं. धामण बिनविषारी. तात्यांच्या लघवीतून रक्त गेलं नव्हतं, हिरड्या वाहिल्या नव्हत्या, पापण्या जड झाल्या नव्हत्या. दुखत होता तो फक्त पाय, आणि तोही सुतळीच्या खाली. पन्नास वर्षांनंतर खात्रीने काही म्हणता येणार नाही. पण सुतळीने तात्यांचा जीव वाचवला नाही, त्यांचा पाय घेतला, असं मला वाटतं.

हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा ओट्यावर जाऊन बसलो होतो. ज्या गड्याने सुतळी बांधली तो शेवटपर्यंत तात्यांच्या शेतात राबला. दर दिवाळीला तात्या त्याला कपडे करत, "ह्यानं वाचवलं मला" असं सगळ्यांसमोर म्हणत. तो खाली मान घालून हसे. तात्या गेले तेव्हा तिरडीला खांदा द्यायला तो पुढे होता. तिरडी बांधतानाही त्यानेच सुतळी आणली आणि गाठी मारल्या.

आता तोही नाही. गावात दोन वर्षांपूर्वी एका पोराला साप चावला तेव्हा माझा पुतण्या दोरी शोधत पळाला. मी त्याला अडवलं. पोराला बाकड्यावर निजवलं, पायाला लाकडी फळी लावून कापडाने सैलसर गुंडाळलं, हलू नको म्हटलं आणि गाडी काढली. वाटेत पुतण्याने मागे वळून विचारलं, "काका, बांधलं नाही तर विष वर नाही का जाणार?" मी त्याला म्हटलं, गाडी नीट चालव, परतीच्या वाटेवर सांगतो. परतीच्या वाटेवर त्याला तात्यांची गोष्ट सगळी सांगितली, धामणीसकट.